पाण्यातला गोतावळा
(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त मराठीच्या अध्यापकाने बोलावे आणि विषय मात्र रसायनशास्त्रातला घ्यावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. म्हणून त्याचे कारण प्रथम सांगतो. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना वडोदऱ्यास आणून ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले, तेव्हा कथा-कादंबऱ्यांची सोय व्हावी एवढाच त्यांचा हेतू नव्हता. त्याआधी वीस वर्षे, १८९० साली, येथे कलाभवन उभे राहिले होते आणि रंगविद्येसारखे विषय देशी भाषेतून शिकवले जावेत म्हणून त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारखा रसायनज्ञ खपत होता. ज्या ज्ञानाविषयी आपल्या भाषेत सलग चार वाक्ये बोलता येत नाहीत, ते ज्ञान आपल्या घरात कितीही वर्षे राहिले तरी पाहुणेच राहते, हे त्या पिढीला कळले होते. आपले ग्रंथालय त्याच परंपरेतले आहे. तेव्हा आजचा माझा विषय या वास्तूला परका नाही, असे मी मानतो.

विषय असा : काही विशिष्ट प्रकारचे लांबलचक रेणू पाण्यात टाकले असता ते आपसूक एकत्र येतात आणि अतिसूक्ष्म गोळे तयार करतात. या गोळ्यांना मिसेल म्हणतात. कार्ल नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने हा शब्द प्रथम वापरला, तो वनस्पतींतील स्टार्चच्या सूक्ष्म कणांविषयीच्या आपल्या कल्पनेसाठी. त्याचे मूळ लॅटिनमध्ये असून अर्थ आहे ‘चुरा, कण’. आपण तांदळाची कणी म्हणतो, त्याच कुळातला हा शब्द. पुढे तो वनस्पतिशास्त्रातून निघून रसायनशास्त्रात स्थिरावला.

या गोळ्यांविषयी मला जे विलक्षण वाटते ते आरंभीच सांगून टाकतो. त्यांना कोणी बांधीत नाही. ज्या रेणूंचे ते बनतात त्यांना एकमेकांची विशेष ओढही नसते. तरीसुद्धा त्यांचा आकार ठराविक असतो, त्यांतील रेणूंची संख्या ठराविक मर्यादेत राहते, आणि कोणता रेणू आत व कोणता भाग बाहेर याची शिस्त कधी मोडत नाही. सूत्रधार नाही, परस्परप्रेम नाही, आणि तरी घर उभे आहे. हे कसे होते, हाच आजचा प्रश्न.

आरंभ आपल्या ओळखीच्या वस्तूपासून करू. साबणाच्या रेणूला दोन टोके असतात. एक टोक विद्युतभारित; ते पाण्यात रमते. दुसरे टोक म्हणजे बारा ते अठरा कार्बन अणूंची स्निग्ध शेपटी. तिला पाणी मानवत नाही. आपल्या आजीच्या काळी केस धुण्यासाठी रिठे भिजत घालीत. त्या रिठ्यातील सॅपोनिन नावाच्या द्रव्याचाही असाच दुहेरी स्वभाव आहे : एका अंगाला साखरेचा भाग आणि दुसऱ्या अंगाला तेलकट भाग. पाण्यात रमणाऱ्या भागाला आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘जलस्नेही’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘जलविरोधी’. यांतला पहिला शब्द चपखल आहे. दुसऱ्याविषयी मला थोडी तक्रार आहे, ती पुढे मांडतो.

या शतकभराच्या कथेचा आरंभ इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे झाला. जेम्स विल्यम मॅकबेन हा मूळचा कॅनडाचा रसायनज्ञ तेथे साबणाच्या द्रावणांवर काम करीत होता. त्याला एक विसंगती दिसली. द्रावणाच्या बाष्पदाबावरून विरघळलेल्या कणांची संख्या काढली, तर ती अपेक्षेपेक्षा फारच कमी भरे. म्हणजे रेणू एकमेकांना चिकटून बसले असावेत. पण तेच द्रावण वीज मात्र चांगली वाहून नेई. म्हणजे विद्युतभारित कण भरपूर असले पाहिजेत. कण कमी आणि वीज जास्त, याचा मेळ कसा घालायचा? मॅकबेनने १९१३ साली सुचवले की साबणाचे विद्युतभारित कणच एकत्र येऊन मोठा पुंज बनवतात. एकाच जातीचे विद्युतभार एकमेकांना दूर लोटतात हे शाळकरी पोरालाही ठाऊक. मग ते एकत्र येतील कसे? लंडनच्या विद्वत्सभेत अध्यक्षांनी ‘हा शुद्ध मूर्खपणा आहे, मॅकबेन’ असे म्हणून त्याला खाली बसवले, अशी आख्यायिका रसायनज्ञांत आजही सांगितली जाते. आख्यायिकेचे काय ते असो, विचार टिकला. १९३६ साली हार्टले या इंग्रज शास्त्रज्ञाने त्या पुंजाचे चित्र स्पष्ट केले : शेपट्या आत, डोकी बाहेर, आणि एकूण आकार गोल.

या मॅकबेनचा आणि महाराष्ट्राचा संबंध आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. स्वातंत्र्यानंतर पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी राहिली, तिचे पहिले संचालक हेच मॅकबेन. १९४९ ते १९५२ या काळात त्यांनी ते पद सांभाळले. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले तेव्हा तेच तिचे प्रमुख होते. १९५३ साली त्यांचे निधन झाले. बहुवारिकांच्या संशोधनात या प्रयोगशाळेने पुढे नाव मिळवले. मिसेलची कल्पना ज्याने मांडली, त्याच्या आयुष्यातील शेवटची मोठी कामगिरी पाषाणच्या माळावर घडली, ही गोष्ट मराठी वाचकाच्या नोंदवहीत असायला हवी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शेपट्या एकत्र का येतात? सर्वसाधारण समजूत अशी की तेलकट शेपट्यांना एकमेकींची ओढ असते आणि पाण्याचे वैर. यांतले काहीही पुरेसे खरे नाही. तेलाचे रेणू एकमेकांना जेवढे ओढतात, त्याहून फार कमी ओढ त्यांना पाण्याची असते असे नाही. कारण शेपट्यांत शोधण्यापेक्षा पाण्यात शोधले पाहिजे.

नवरात्रातले आपले गरब्याचे मैदान डोळ्यांपुढे आणा. हजारो माणसे फिरत आहेत, क्षणाक्षणाला हात जुळतात, सुटतात, दुसऱ्याशी जुळतात. पाण्याचे रेणूही असेच आहेत. प्रत्येकाला साधारण चार शेजाऱ्यांशी हात जोडता येतो आणि ही जोडणी सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी काळात बदलत राहते. आता त्या मैदानात शंभर खांब विखरून रोवले अशी कल्पना करा. खांबाशी हात जोडता येत नाही. म्हणून खांबाजवळच्या प्रत्येकाला त्याच्याकडे पाठ किंवा खांदा करून, उरलेल्या दिशांनीच हात शोधावे लागतात. त्याचे स्वातंत्र्य कमी होते. खांब जितके विखुरलेले, तितकी अडलेली माणसे जास्त. तेच शंभर खांब एका कोपऱ्यात जवळजवळ उभे केले, तर फक्त कडेची थोडी माणसे अडतील. बाकीचे मैदान मोकळे. खांबांना एकमेकांची काहीच ओढ नाही. त्यांना एकत्र आणते ते भोवतालच्या गर्दीचे मोकळेपण.

हुबेहूब असेच पाण्यात घडते. शेपट्या विखुरलेल्या असताना प्रत्येकीभोवतीच्या पाण्याला विशिष्ट बैठक घ्यावी लागते. त्या एकत्र आल्या की ते पाणी सुटते आणि पुन्हा गर्दीत मिसळते. भौतिकशास्त्राच्या भाषेत पाण्याची एंट्रॉपी, म्हणजे त्याच्या रेणूंना उपलब्ध असलेल्या निरनिराळ्या मांडण्यांचे माप, वाढते. फ्रँक आणि एव्हान्स यांनी १९४५ साली या विचाराची बैठक घातली. चार्ल्स टॅनफर्ड यांनी १९७३ साली या एकाच परिणामावर संपूर्ण ग्रंथ लिहिला. निसर्गात एकंदर अव्यवस्था वाढत जाते असा नियम आपण ऐकलेला असतो, आणि मग एखादी सुबक रचना आपोआप झालेली पाहिली की आपल्याला नियम मोडल्यासारखे वाटते. येथे तो मोडत नाही. थोड्या रेणूंची शिस्त पाण्याच्या कितीतरी अधिक रेणूंच्या मोकळेपणातून उभी राहते. ‘जलविरोधी’ या शब्दाविषयी माझी तक्रार आहे ती एवढ्यासाठीच. शब्दात वैर आहे, वस्तूत नाही. परिभाषा घडवताना शब्द सोपा असावा, पण त्याने खोटे कारण सांगू नये.

मग दुसरा प्रश्न उभा राहतो. पाण्याला शेपट्या एकत्र हव्यात, तर त्या एकत्र येतच का राहत नाहीत? पाण्यावर तेलाचा तवंग येतो तसा एकच मोठा थर का होत नाही? याचे उत्तर डोक्यांकडे आहे. डोकी पाण्यात रमणारी. त्यांना शेपट्यांबरोबर आत जायचे नसते. पुंज वाढू लागला की पृष्ठभागावर डोक्यांची दाटी होते आणि ती एकमेकांना रेटू लागतात. एक प्रवृत्ती जमवते, दुसरी आवरते. जिथे दोन्हींचा तोल साधतो, तिथे पुंजाची वाढ थांबते. धुण्याच्या पावडरीत आणि टूथपेस्टमध्ये सर्रास वापरले जाणारे सोडियम डोडेसिल सल्फेट घेतले तर एका मिसेलमध्ये सुमारे साठ रेणू असतात. शिवाय द्रावण फार पातळ असेल तर मिसेल होतच नाहीत. २५ अंश तापमानाला लिटरमागे साधारण २.३ ग्रॅम द्रव्य झाले, की एकदम ते तयार होऊ लागतात. या उंबरठ्याला क्रांतिक संहती म्हणतात. उंबरठ्याच्या खाली रेणू सुटे. वर गेल्यावर जेवढे नवे रेणू घालाल ते बहुतेक सारे मिसेलमध्ये सामील होतात.

येथवर साबणाची गोष्ट झाली. आता बहुवारिकांकडे येऊ. एकाच प्रकारचा लहान घटक शेकडो-हजारो वेळा जोडत जाऊन जो लांब साखळीसारखा रेणू होतो तो बहुवारिक. असे महारेणू खरोखरच असतात, हे हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० साली सांगितले तेव्हा त्यालाही विरोधच सहन करावा लागला. नोबेल पारितोषिक मिळायला १९५३ साल उजाडले. पुढे १९५६ साली मायकेल श्वार्क यांनी ‘जिवंत बहुवारिकां’ची पद्धत दाखवली. तिच्यात साखळीचे टोक मरत नाही. एका प्रकारचे घटक संपले तरी ते दुसऱ्या प्रकारच्या घटकांची वाट पाहत राहते. माळ ओवताना पांढरे मणी संपले, दोरा शिल्लक आहे, पुढे काळे मणी ओवा, असा हा प्रकार. त्यामुळे एका टोकाला पाण्यात रमणारी आणि दुसऱ्या टोकाला पाणी न मानवणारी अशी साखळी, दोन्ही भागांची लांबी मोजून मापून, तयार करता येऊ लागली. साबणाचा दुहेरी स्वभाव, पण कितीतरी मोठ्या अंगाचा.

त्यांतील एक प्रसिद्ध द्रव्य औषधशास्त्रात पोलोक्झामर ४०७ या नावाने ओळखले जाते. बाजारात त्याला प्ल्युरॉनिक एफ १२७ म्हणतात. हिची माळ तीन भागांची आहे : दोन्ही बाजूंना साधारण शंभर-शंभर मणी पाण्यात रमणारे, आणि मध्ये सुमारे पासष्ट मणी त्या मानाने तेलकट. ४०७ या आकड्यातही अर्थ भरलेला आहे. पहिल्या दोन अंकांना शंभराने गुणले की मधल्या भागाचे अंदाजे रेणुभार मिळते, म्हणजे ४०००. शेवटच्या अंकाला दहाने गुणले की पाण्यात रमणाऱ्या भागाचे शेकडा प्रमाण मिळते, म्हणजे ७०. संपूर्ण रेणू साबणाच्या रेणूच्या सुमारे चाळीसपट वजनाचा. तोंड धुण्याच्या औषधी द्रवांत आणि डोळ्यांच्या भिंगांच्या स्वच्छतेच्या द्रावणांत तो आपल्या नकळत आपल्या घरी येऊन गेलेला आहे.

याचे मिसेल कसे दिसते? आत तेलकट भागांचा गाभा. बाहेर पाण्याने फुगलेल्या, हलणाऱ्या, लांब धाग्यांची झालर. मला यासाठी कदंबाच्या फुलाहून चांगली उपमा सुचत नाही : मध्ये घट्ट गोळा आणि सर्व बाजूंनी उभे राहिलेले केसर. फक्त हे फूल सुमारे २० ते २५ नॅनोमीटर व्यासाचे आहे. माणसाच्या केसाची जाडी ८०,००० नॅनोमीटर धरली, तर तिच्या रुंदीवर अशी काही हजार फुले ओळीने मावतील. झालरीत अडकलेले पाणी जमेला धरले, तर या फुलाचा बराच मोठा भाग पाण्याचाच असतो.

या द्रव्याची एक गंमत घरात ऐकून ठेवण्यासारखी आहे. चायना ग्रासचे जेली थंड केल्यावर घट्ट होते आणि गरम केल्यावर वितळते. पोलोक्झामरचे साधारण २० टक्के द्रावण याच्या नेमके उलट वागते. फ्रिजमधून काढले तर पाण्यासारखे ओतता येते. अंगाच्या उबेने त्याचा गोळा बनतो. कारण असे की थंड असताना मधला भागही पाण्याशी बऱ्यापैकी जुळवून घेतो. ऊब मिळाली की ती जुळणी सुटते, तो भाग तेलकट होतो, मिसेल बनतात, आणि त्यांची संख्या इतकी वाढते की पेटीत रचलेल्या मोसंब्यांप्रमाणे ती एकमेकांना टेकून नियमित रांगांत बसतात. हलायला जागा राहत नाही, द्रावण थिजते. थंड असताना टोचावे आणि शरीरात जाऊन घट्ट व्हावे अशा औषधांसाठी या गुणाचा उपयोग केला जातो.

साबणाचे मिसेल आणि बहुवारिकाचे मिसेल यांत एक महत्त्वाचा भेद आहे. साबणाच्या मिसेलमध्ये सभासद सतत बदलतात. एखादा रेणू सेकंदाच्या दशलक्षांशाच्या आसपासच आत राहतो, बाहेर पडतो, दुसरा येतो. संख्या कायम, माणसे बदलती. बहुवारिकाची तेलकट साखळी लांब असल्याने ती सहजी बाहेर पडू शकत नाही. गाभा पॉलिस्टायरीनचा असेल, तर सामान्य तापमानाला तो काचेसारखा कडक असतो आणि ही देवघेव जवळजवळ थांबते. याचे दोन परिणाम होतात. एक, अशा मिसेलचा उंबरठा फार खाली असतो. द्रावण कितीही पातळ केले तरी ते लवकर मोडत नाही. दुसरा, ते कोणत्या क्रमाने घडले याची खूण त्याच्या अंगावर राहते. घाईने पाणी ओतले तर एक रूप, थेंबाथेंबाने ओतले तर दुसरे.

रूपांविषयीही दोन शब्द सांगायला हवेत. मिसेल नेहमी गोलच असते असे नाही. इस्रायलाश्विली, मिचेल आणि निनहॅम या तिघांनी १९७६ साली त्याचे साधे भूमितीचे उत्तर दिले. रेणूचे डोके रुंद आणि शेपूट बारीक असेल, तर तो शंकूसारखा. असे शंकू टोके आत करून एकत्र बसवले की गोल होतो. डोके थोडे लहान झाले की नळी होते. डोके आणि शेपूट सारख्याच रुंदीची झाली की सपाट पडदा होतो, आणि तो पडदा मिटून पोकळ पिशवी बनते. गंजिफांचे पत्ते सपाट ठेवता येतात आणि कलिंगडाच्या फोडी गोल जुळतात, त्यातलाच हा प्रकार. मॉन्ट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठातील आदी आयझेनबर्ग यांनी १९९५ साली पाण्यात रमणारा भाग क्रमाने आखूड करीत नेला आणि गोळे, मग दांडे, मग पोकळ पिशव्या असा सारा क्रम एकाच जातीच्या बहुवारिकातून प्रत्यक्ष दाखवला. झालर फारच आखूड आणि गाभा मोठा, अशा या मिसेलांना बारीक केस कापलेल्या डोक्याची उपमा दिली जाते. शास्त्रज्ञांनाही उपमेवाचून भागत नाही, हे पाहून मराठीच्या अध्यापकाला बरे वाटते.

आपण विचाराल की हे सारे डोळ्यांना दिसत नसताना गाभा किती आणि झालर किती, हे कळते कसे? प्रकाशाच्या विखुरण्यावरून मिसेलचे आकारमान काढता येते. आतल्या रचनेसाठी न्यूट्रॉनांची मदत घेतात. काचेची कांडी तिच्याच जातीच्या काचेइतके प्रकाश वाकवणाऱ्या तेलात बुडवली तर दिसेनाशी होते. तोच डाव येथे आहे. साधे पाणी आणि जड पाणी न्यूट्रॉनांना वेगवेगळे विखुरतात. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळून कधी गाभा अदृश्य करता येतो, कधी झालर. मग उरलेला भाग एकटा मोजायचा. तुर्भे येथील ध्रुव अणुभट्टी १९८५ साली सुरू झाली, तिच्या न्यूट्रॉनांनी पोलोक्झामर वर्गातील मिसेलांची अशी मोजमापे झाली आहेत, आणि त्यांत सुरतेच्या विद्यापीठातील संशोधकांचा मोठा वाटा आहे. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातही अशा दुहेरी स्वभावाच्या द्रव्यांवर अनेक वर्षे संशोधन झाले. म्हणजे हा विषय फार दूरचा नाही. तो आपल्या रेल्वेमार्गावरचा आहे.

आणि त्याहूनही जवळचे उदाहरण हवे असेल तर ते आपल्या चुलीवर आहे. दुधातील केसीन हे प्रथिन, आणि प्रथिन म्हणजे निसर्गाने घडवलेले बहुवारिकच. दुधात केसीनचे रेणू सुमारे १५० नॅनोमीटर सरासरी व्यासाचे मिसेल करून राहतात. त्यांचा अंतर्भाग वरच्या उदाहरणांसारखा निव्वळ स्निग्ध नसतो. तो स्पंजासारखा पाणी धरून असतो आणि त्याला कॅल्शियम फॉस्फेटच्या सूक्ष्म गाठींनी धरून ठेवलेले असते. वासराच्या हाडांना लागणारे कॅल्शियम न गोठता, न साचता दुधातून वाहत येते ते यामुळे. पण बाहेर झालर आहेच. काप्पा-केसीन नावाच्या प्रकाराचे केस प्रत्येक गोळ्याभोवती उभे असतात आणि गोळ्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. विरजण लावले की जंतू लॅक्टिक आम्ल करतात. आम्लता वाढताच हे केस मिटतात, गोळे एकमेकांना धरतात, आणि सकाळी पातेल्यात दही असते. साय काढून घेतलेले दूधही पांढरे दिसते, ते याच गोळ्यांमुळे.

आता या ज्ञानाचा माणसाला काय उपयोग, याकडे येतो. कारण येथे प्रश्न कुतूहलाचा राहत नाही. अनेक प्रभावी औषधे पाण्यात विरघळत नाहीत, आणि आपले रक्त मुख्यतः पाणी आहे. कर्करोगावरील पॅक्लिटॅक्सेल हे औषध घ्या. अमेरिकेतील पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून ते मनरो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी शोधून काढले आणि १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ सालचा, आपल्या सीमेलगतच्या नंदुरबारचा. २०२० साली अमेरिकेत त्यांचे निधन झाले. औषध गुणी होते, पण पाण्यात विरघळेना. म्हणून एरंडेलापासून केलेल्या एका द्रव्यात आणि मद्यार्कात मिसळून ते शिरेतून देऊ लागले. १९९२ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. परंतु त्या वाहक द्रव्यामुळेच काही रुग्णांना तीव्र प्रतिक्रिया येई. ती टाळण्यासाठी आधी स्टेरॉइडसारखी औषधे द्यावी लागत. रोगापेक्षा औषधाच्या गाडीचीच भीती, अशी अवस्था.

मिसेलचा गाभा येथे कामी येतो. पाण्याला न मानवणारे औषध गाभ्यात सुखाने बसते. बाहेरची झालर रक्ताला सामोरी जाते. दक्षिण कोरियात २००७ साली वापरात आलेल्या अशा एका औषधात झालर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची आहे आणि गाभा पॉलिलॅक्टिक आम्लाचा. म्हणजे दह्यातल्या त्याच लॅक्टिक आम्लाच्या माळेचा. काम झाल्यावर ही माळ शरीरात विरघळून जाते. आकारही विचारपूर्वक निवडलेला असतो. फार लहान कण मूत्रपिंडातून गळून जातात. फार मोठे यकृत आणि प्लीहा पकडतात. सुमारे २० ते ५० नॅनोमीटरचे मिसेल या दोन्ही चाळण्या चुकवते. शिरेतून दिलेले औषध सुमारे पाच लिटर रक्तात एकदम पातळ होते. साबणाचे मिसेल तेथे तत्काळ विस्कटले असते. बहुवारिकाचा उंबरठा खाली असण्याचे महत्त्व या ठिकाणी कळते.

परंतु आशा वाढवून सांगू नये. अर्बुदाच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि त्यांतून असे कण तेथे अधिक साचतात, हे मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी १९८६ साली दाखवले. उंदरांत हे जितके ठळक दिसते तितके माणसांत दिसेलच असे नाही. रुग्णारुग्णांत मोठा फरक पडतो. जपानी बनावटीच्या पॅक्लिटॅक्सेल-मिसेलच्या स्तनकर्करोगावरील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. जुन्या औषधाच्या तोडीस ते उतरते हे त्या चाचणीत सिद्ध झाले नाही. मात्र हातापायांच्या नसांना होणारा त्रास कमी आढळला. ज्याच्या बोटांची शर्टाचे बटण लावण्याची शक्ती उपचाराने जाते, त्याला या दुसऱ्या वाक्याचे मोल कळेल. विज्ञानाची वाटचाल बहुधा अशीच असते : जे मागितले ते मिळत नाही, पण काही मिळते, आणि ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले की पुढच्याला उपयोगी पडते.

समारोपाकडे येतो. अशा विषयातून समाजासाठी बोधवाक्ये काढण्याचा मोह वक्त्याला होतो. रेणूंना मन नसते. त्यांच्यावर आपले सद्गुण लादू नयेत. तरीही एक निरीक्षण आपणांपुढे ठेवतो. निव्वळ पाण्यात रमणारा रेणू पाण्यात विरघळून जातो. निव्वळ तेलकट रेणू तवंग होऊन बाजूला पडतो. रचना उभी करतो तो दोन्ही स्वभावांचा रेणू, आणि परक्याला पोटात घेऊन पलीकडे नेण्याचे कामही त्यालाच जमते. घरात मराठी आणि बाजारात गुजराती बोलत पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या आपल्यासारख्यांना हे समजावून सांगावे लागू नये. भाषांतरकाराचे आणि ग्रंथालयाचे काम याहून फारसे निराळे नाही.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने ग्रंथालयाच्या कार्यकारिणीस एकच विनंती करतो. आपल्या शास्त्रविषयक कपाटात मराठी विश्वकोशाचे खंड आहेत. ते काढून वाचणारे थोडे आहेत. त्या कपाटाशेजारी दर महिन्याला एका संध्याकाळी एखाद्या शास्त्रज्ञाने येऊन आपल्या कामाविषयी मराठीत बोलावे, आणि भाषेच्या माणसाने त्याच्या शेजारी बसून शब्द जुळवावेत. शब्द अडतील, दोघांनाही अडखळायला होईल. पण त्या अडखळण्यातूनच ‘जलविरोधी’पेक्षा चांगला शब्द एखाद्या दिवशी सापडेल. तो येथे, या वास्तूत सापडावा, अशी माझी इच्छा आहे.